ओवीची अक्षरं मोजू नकोस

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘ओवीत अक्षरं किती?’ असं वर्गातल्या मुलांनी विचारलं तर काय सांगायचं, म्हणतेस. अगं, ठरलेला आकडाच नाही! ज्ञानेश्वरी उघड. ‘ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ बोटांवर मोज: सहा, सहा, आठ, चार. आता शेवटाकडची घे. ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ दहा, नऊ, दहा, सहा. तरी दोन्ही अस्सल ओव्या. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड आणि मोकळा राहतो. म्हणून तिला साडेतीन चरणांची म्हणतात.

हे नाव ‘ओवणे’वरून आलं असं सांगतात, आणि मला ते मनापासून पटतं. ज्ञानेश्वरही ‘ओंवीयेचेनि प्रबंधें’ म्हणतात आणि त्याच ओवीत पुढे ‘अक्षरें गुंथिलीं’!

पण ओवी ग्रंथात जन्मली नाही, हे मुलांना आवर्जून सांग. कल्याणीच्या चालुक्य राजाचा, तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकातला. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे तो तिच्याही दीडशे वर्षं आधीचा. त्यात म्हटलंय, ‘महाराष्ट्रेषु योषिद्भिरोवी गेया तु कण्डने’. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात! राजाच्या संस्कृत ग्रंथात उखळ-मुसळापाशी गाणाऱ्या आपल्या बायका आहेत, हे वाचताना मला अजून भरून येतं. पंडितांनी छंद म्हणून नोंदवण्याआधी तो या बायकांच्या गळ्यात होता.

आणि मोजमाप का सैल, तेही तिथेच कळतं. जात्यावर ओळ तोकडी पडली की बाई ‘गं’ घालते, ‘बाई’ घालते, नाहीतर शेवटचा स्वर लांबवते, आणि ओळ जात्याच्या फेऱ्यात बरोबर बसते. शब्द कमी-जास्त झाले तरी सूर सांभाळून घेतो. कागदावर अडखळणारी ओवी म्हटली की सरळ चालते, ती यामुळेच.

तुझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येतात ना? त्यांना एकदा वर्गात ने. नाहीच जमलं तर फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड कर आणि मुलांना तोच ऐकव. मलाही पाठव.

तुझी,
शैला