डॉक्टरच्या फोनचं बिल

मेलबर्न,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की डॉक्टरशी दहा मिनिटं फोनवर बोलले आणि ९० डॉलर गेले. त्यावर बाबा, तुमचा चेहरा! "फोनवर? नाडीसुद्धा न बघता?" एवढं म्हणालात आणि गुहागरचं नेटवर्क नेहमीसारखं गेलं. नंतर आईकडून निरोप आला, की तोंडी हिशोब मला कळत नाही, लिहून पाठव, वहीत उतरवून ठेवतो. म्हणून आज रविवार गाठून लिहायला बसले.

पहिली गोष्ट, ९० डॉलर गेले हे अर्धंच खरं. पूर्वीची गॅसची सबसिडी आठवा. सिलिंडर आणणाऱ्याच्या हातावर पूर्ण पैसे ठेवायचे आणि काही दिवसांनी थोडे पैसे बँकेत परत. इथे तसंच. फोन संपला की दवाखाना माझ्या कार्डावरून पूर्ण ९० कापतो आणि तिथूनच सरकारकडे मागणी पाठवतो. एक-दोन दिवसांत मेडिकेअरचे ४३.९० डॉलर माझ्या खात्यात येतात. खिशातून गेले ते ४६.१०. या उरलेल्या रकमेला इथे सगळे 'गॅप' म्हणतात. फी किती ते डॉक्टर ठरवतो, परतावा किती ते सरकार. डॉक्टरने उद्या १२० लावले तरी मला मिळणार ४३.९०च.

मेडिकेअर म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, १९८४ पासूनचा. त्याचं हिरवं कार्ड अगदी आपल्या रेशनकार्डासारखं आहे. एकाच कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं, प्रत्येकापुढे क्रमांक. तुमची नात तिसऱ्या ओळीत आहे. "म्हणजे फुकट" असं म्हणू नका बाबा, पगारातून करासोबत बहुतेकांचे त्यासाठी वेगळे २ टक्के जातात.

खरोखर फुकटही होतं, नाही असं नाही. डॉक्टर जर म्हणाला, की सरकार देईल तेवढीच माझी फी, तर त्याला 'बल्क बिलिंग' म्हणतात. मग त्या तपासणीचा एक सेंटही वर मागता येत नाही त्याला. सोळा वर्षांखालची मुलं आणि सवलतीचं कार्ड असलेले लोक यांच्यासाठी असं केलं तर डॉक्टरला सरकारकडून वर थोडे जास्त मिळायचे. गेल्या १ नोव्हेंबरपासून ते मेडिकेअर असलेल्या कुणासाठीही मिळतात. तरी सगळे दवाखाने काही तयार झालेले नाहीत, आमचा तर नाहीच. त्यामुळे मी आता अपॉइंटमेंट घेताना सरळ विचारते, "माझ्या खिशातून किती जाणार?" सुरुवातीला लाज वाटायची. आपल्याकडे डॉक्टरला आधी पैशाचं विचारणं बरं दिसत नाही ना! इथे कुणाला काही वाटत नाही.

फोनवरच्या डॉक्टरला मेडिकेअर पैसे द्यायला लागलं ते मार्च २०२० मध्ये, करोनात. तात्पुरतं म्हणून सुरू झालं आणि २०२२च्या जानेवारीपासून कायमचं झालं. पण त्याला पोटनियम इतके, की आपल्या सोसायटीच्या सचिवांनी बसून केलेत की काय असं वाटावं.

मिनिटांचाच घ्या. सहा ते वीस मिनिटं बोलणं झालं तर ते ४३.९०. वीसच्या वर गेलं तर परतावा ८४.९०, पण व्हिडिओवर बोललात तर. नुसत्या फोनवर वीसच्या वर गेलात, तर त्याच दवाखान्यात तुमचं नाव नोंदलेलं असेल तरच तो ८४.९०चा दर मिळतो. मी नाव नोंदवून ठेवलंय. आईला हे फार उपयोगाचं झालं असतं. गुडघ्याची हकीगत ती लग्नापासून सुरू करते.

दुसरा नियम मला महागात पडला. घर बदललं तेव्हा नव्या घराजवळच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "आधी एकदा प्रत्यक्ष येऊन जा, नाहीतर फोनचा परतावा मिळणार नाही." गेल्या बारा महिन्यांत त्या दवाखान्यात तोंड दाखवलेलं असावं लागतं, किंवा नाव नोंदवलेलं. मला तेव्हा भयंकर राग आला होता. ताप मला, आणि मीच ट्रामने जायचं! पण नंतर वाटलं, तुमचं नाडीचं म्हणणं हेच तर आहे. ज्याने कधी पाहिलंच नाही त्याने नुसत्या आवाजावरून काय औषध द्यावं?

आणि तिसरा तुमच्या डोळ्यांदेखत झालेला. गणपतीत आले होते तेव्हा मी विहिरीच्या कठड्याशी, रेंज मिळते त्या कोपऱ्यात, फोन घेऊन उभी होते आणि आई मोदकांसाठी हाका मारत होती, आठवतंय? थायरॉइडचा रिपोर्ट समजून घ्यायला इथल्या डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "आत्ता तू कुठे आहेस?" मी आपली कौतुकाने म्हणाले, कोकणात. झालं! पेशंट आणि डॉक्टर दोघंही त्या वेळी ऑस्ट्रेलियात असले तरच मेडिकेअर पैसे देतं. पूर्ण फी भरली, परतावा शून्य. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण सणाच्या दिवशी चिपळूणच्या डॉक्टरांच्या फीशी तुलना ऐकायची नव्हती.

एकदा तर डॉक्टरांचा फोन अनोळखी नंबरवरून आला, मला वाटलं कर्जवाले असतील, मी उचललाच नाही. चुकवलेल्या वेळेचा दंड बसला. त्यावर सरकार काही देत नाही, आणि माझ्या मते देऊही नये.

आता मुद्द्याचं. आंबा काढून झाला की तुम्ही दोघं इकडे येणार. बाबा, तुमचा समज आहे की लेक इथली कायमची रहिवासी, म्हणजे आईबापांनाही कार्ड चालेल. नाही चालत. कार्डावर ज्याचं नाव त्यालाच. पाहुणे म्हणून आलेल्यांपैकी ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा ११ देशांच्या लोकांना करारामुळे गरजेपुरते उपचार मिळतात. भारत त्यात नाही. तुमचं सत्तरीनंतर काढलेलं आयुष्मान कार्डही इथे चालणार नाही. तसंही ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं, पाच लाखांपर्यंतचं. साध्या खोकल्याला ते तिथेही उपयोगी नाही. म्हणजे इथे खोकलात तरी पूर्ण फी, आणि देव न करो, ॲडमिट व्हावं लागलं तर तो आकडा मी या पत्रात लिहीत नाही, तुमचं बीपी वाढेल.

म्हणून प्रवासाचा विमा तिथूनच काढायचा. आणि फॉर्मवर बीपी आणि आईची साखर दोन्ही लिहायची. "कशाला सांगा, हप्ता वाढेल" हे तुमचं धोरण मला ठाऊक आहे. लपवलं तर नेमकं त्याच दुखण्याचे पैसे नाकारतात. गोळ्या राहायच्या दिवसांपुरत्या घ्या, मूळ पाकिटात, आणि चिपळूणच्या डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांची इंग्रजी चिठ्ठी लिहून आणा. कंपनीची नावं इथे कुणाला कळत नाहीत.

तोपर्यंत किरकोळ दुखण्यासाठी चिपळूणला एसटीने हेलपाटे घालू नका. उपकेंद्रात ई-संजीवनीवरून डॉक्टरशी बोलता येतं का, ते आशाताईंना विचारा. ती सरकारी सेवा आहे, एक पैसा लागत नाही. बाबा, तुम्ही स्वतः बसून बघा आणि मग मला नाडीबद्दल लिहा.

आई, आमसुलं आण, पण घरची असली तरी विमानतळावरच्या फॉर्मवर लिहावी लागतात. यंदा मोहोर कसा आहे? नातीला आजोबांच्या वहीत आपलं नाव लिहून हवंय, तिसऱ्या ओळीत.

तुमची,
बाय