लिनक्स कुठे अडतं, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या संगणकांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व ठरावीक प्रोसेसरच चालतात, त्यामुळे धडधाकट यंत्रंही बाद ठरतात, हे लेखात नीट समजावलं आहे. पुढचा सल्ला मात्र एका ओळीत उरकला आहे: अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली टाकावी. सल्ला बरोबरच आहे. मी २००९ सालच्या लॅपटॉपवर २०२२ पासून डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार वापरते आणि हे पत्रही त्यावरच टाइप करते आहे. पण तेवढ्या एका ओळीच्या भरवशावर पेन ड्राइव्ह लावून बसलेल्या माणसासमोर पहिल्यांदा काळा पडदा आला, की तो यंत्रच संपलं असं समजतो आणि ते भंगारात काढतो. मीही काढायला निघाले होते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. माझ्या लॅपटॉपमध्ये कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि २५० जीबीची हार्ड डिस्क होती. तेरा वर्षांची मुद्रितं त्यावर होती, ती सर्वांत आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. हे काम कुणीही टाळू नये. इन्स्टॉल करताना डिस्कचे भाग निवडण्याच्या पडद्यावर एक चुकीचा होकार दिला, तर जुनं सगळं जातं.

पहिला प्रयत्न अर्ध्यावर बंद पडला. मूळ प्रणाली उतरवताना चूक झाली, एवढाच संदेश. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. हार्ड डिस्क खराब झाली असणार, असं मला दोघांनी सांगितलं. दोष डिस्कचा नव्हता, डाउनलोडचा होता. डेबियन इन्स्टॉलसाठी उतरवायच्या प्रत्येक फाइलबरोबर तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायची खूण, देतं. ती ६४ अक्षरांची असते आणि आपल्याकडे उतरलेल्या फाइलची बेरीज विंडोजमधल्याच सर्टयुटिल या आज्ञेने काढता येते. मी दोन्ही एकाखाली एक लिहून घेतल्या, तर पहिल्याच अक्षराला फरक. फाइल नव्याने उतरवली, बेरीज जुळली, पेन ड्राइव्ह पुन्हा तयार केला आणि इन्स्टॉल शेवटपर्यंत गेलं. दोन दिवस मी ज्यात घालवले, ते पाच मिनिटांच्या तपासणीने कळलं असतं.

मग तो काळा पडदा आला. यंत्र सुरू होई, सुरुवातीची यादी दिसे, आणि पुढे काहीच नाही. इथेच बहुतेक जण हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या सुरुवातीच्या यादीला ग्रब म्हणतात. तिथे 'ई' ही कळ दाबली की काही ओळी उघडतात. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची आणि तिच्या शेवटी एक जागा सोडून नो, मोड आणि सेट हे तीन इंग्रजी शब्द सलग जोडून लिहायचे. मग एफ१० दाबायचं. याने ग्राफिक्स कार्डाची खास कामं बाजूला राहतात आणि साधं चित्र दाखवून यंत्र पुढे जातं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, कायमचं काही बिघडत नाही. माझा पडदा उजळला. चित्र ओबडधोबड होतं, पण आत शिरता आलं.

आत गेल्यावर वाय-फायची यादी रिकामी. मला वाटलं, एकामागून एक दुसरं संकट. प्रत्यक्षात दोन्हींचं कारण एकच होतं. ग्राफिक्स कार्ड काय, वाय-फाय कार्ड काय, सुरू होताना त्याला निर्मात्याची एक छोटी फाइल भरवावी लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. या फाइली मुक्त परवान्याच्या नसल्यामुळे मी वापरलेल्या डेबियन ११ च्या अधिकृत प्रतीत नव्हत्या. इन्स्टॉल करताना यंत्राने मला ती फाइल मागितली होती, नावासकट. मी न वाचता 'नाही' निवडून पुढे गेले होते. यंत्राचे संदेश दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा दिल्यावर तीच नावं पुन्हा दिसली, एक रेडिऑन ग्राफिक्स कार्डाचं, एक इंटेलच्या वाय-फायचं. फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, डेबियनच्या नॉन-फ्री, म्हणजे मुक्त परवाना नसलेल्या, विभागातून फर्मवेअरची दोन पॅकेजेस घेतली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी ग्रबमध्ये काही न लिहिता पडदा पूर्ण आकारात आला आणि वाय-फायची यादीही भरली.

डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर अधिकृत प्रतीत घालायचं ठरवलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येतं. म्हणजे आज सुरुवात करणाऱ्याला माझी ही अडचण बहुधा येणार नाही. काही ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचं फर्मवेअर मात्र अजूनही वेगळं उतरवावं लागतं. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहावी. लाइव्ह प्रतीत तशी सोय असते आणि डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं आणि पुन्हा जागं होणं, एवढं तिथेच तपासून घ्यावं.

माझ्या यंत्राचा संथपणा लिनक्सने गेला नाही, हेही सांगायला हवं. स्मार्टसीटीएल या तपासणीच्या आज्ञेने डिस्कची तब्येत पाहिली, तेव्हा डिस्कने बदलून घेतलेल्या खराब सेक्टरांचा, म्हणजे साठवणीच्या बाद तुकड्यांचा, आकडा दर आठवड्याला वाढत होता. डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ४ जीबी केली आणि डेस्कटॉप म्हणून हलकंफुलकं एक्सएफसीई ठेवलं. सुरू व्हायला अडीच मिनिटं लागत, ती अर्ध्या मिनिटावर आली. ब्राउझर मात्र कुठल्याही प्रणालीवर तेवढीच रॅम खातो. तिथे सात-आठ टॅबच्या वर मी जात नाही.

एका मैत्रिणीच्या यंत्रात इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धत 'रेड'वर होती, ती 'एएचसीआय'वर नेताच डिस्क दिसली. ज्यांना विंडोजही ठेवायचं आहे त्यांनी हा बदल थेट करू नये, विंडोज सुरू होत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर तारीख मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळंही नाकारतो, तेव्हा आधी घड्याळ पाहावं. आणि प्रोसेसर ३२-बिटचा असेल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला त्यासाठीचा इन्स्टॉलरच नाही, हे आधी माहीत असू द्यावं. फुगलेल्या बॅटरीचं यंत्र तर चालूच करू नये.

संपादक महाराज, 'लिनक्स टाका' एवढं छापून थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कुठे अडतं, पडद्यावर नेमकं काय दिसतं आणि त्यावर काय करायचं, यालाही पुरवणीत जागा द्या. माझ्या वहीत आलेला प्रत्येक संदेश शब्दशः उतरवलेला आहे आणि त्याखाली तो कशाने सुटला हे तारखेसह लिहिलं आहे. झाकण मिटल्यावर लॅपटॉप पाचातून एकदा जागा होत नाही, त्या नोंदीखालची जागा अजून कोरी आहे. वही आपल्या उपयोगाची वाटली, तर तिची प्रत पाठवते.

आपली नम्र,
एक मुद्रितशोधक वाचक