रुग्णाच्या सोबतीला माणूस द्या

महोदय,

गरीब रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, याचं खापर सहसा त्यांच्या अज्ञानावर फोडलं जातं. मी परिचारिका होते आणि नोकरीत असताना मीही तेच म्हणत असे. निवृत्तीनंतर शेजारच्या एका बाईंची नातेवाईक म्हणून रांगेत उभी राहिले, तेव्हा कळलं की खिडकीच्या पलीकडून रुग्णालय वेगळंच दिसतं.

त्यांच्या स्तनात गाठ लागली होती. पहिल्या दिवशी केसपेपर काढण्यातच सकाळ गेली. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, तिची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. रिपोर्ट घेऊन गेलो, तर त्या दिवशी त्या डॉक्टरांची ओपीडी नव्हती. पुढच्या खेपेला बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, सांगितली. तिचा फॉर्म एका इमारतीत, सही दुसऱ्या इमारतीत, आणि पैसे भरायची खिडकी आम्ही पोहोचेपर्यंत बंद. बाईंनी सगळे कागद एका पिशवीत घालून छातीशी धरलेले. वाचता येत नसल्यामुळे कुठला कागद कशाचा, हे त्या रंगावरून ओळखत. दर खेपेला दिवसाची मजुरी बुडत होती ती वेगळीच.

परतताना जिन्यात त्या म्हणाल्या, "ताई, तुकडा काढला की रोग पसरतो म्हणतात. राहू द्या ना आता." ही भीती त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होती; विचारावं असं कुणी समोर थांबलंच नव्हतं. तिथेच पायरीवर बसून समजावलं की नमुना घेतल्याने रोग पसरत नाही, उलट नमुन्याशिवाय तो कर्करोग आहे की साधी गाठ, हेच कळत नाही. दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी तयार होऊन बसल्या होत्या.

ही दहा मिनिटं कुणाच्याच कामात धरलेली नाहीत. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी ती धरली. त्यांच्या रुग्णालयात १९८६ पर्यंतच्या २२ वर्षांत उपचार घेतलेल्या, बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय, स्तनकर्करोग रुग्णांपैकी पाच वर्षांनी जेमतेम ३९ टक्के हयात होत्या. जवळपास निम्म्या आल्या त्याच तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. १९९० मध्ये त्यांनी 'पेशंट नॅव्हिगेशन' सुरू केलं. तपासणीत काही संशयास्पद आढळलं की निदान आणि उपचार होईपर्यंत त्या बाईची सोबत एका ठरावीक माणसाने करायची. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांत तोच आकडा ७० टक्क्यांवर गेला. त्यात फुकट किंवा स्वस्त तपासणीचाही वाटा होता, हे सांगायलाच हवं. पण पुढे वाट अडलेली असेल तर नुसती फुकट तपासणी काय कामाची?

यावर ठरलेली उत्तरं दोन. एक, चौकशी खिडकी आहेच. आहे, ती "तिकडे जा" एवढंच सांगते, आणि 'तिकडे' कुणी नसेल तर तो तिचा प्रश्न नसतो. दुसरं, ॲप काढू. ज्याला ॲप जमतं, त्याला बहुधा खिडकीही सापडते.

या कामाला डॉक्टर लागत नाही, परिचारिकाही लागेलच असं नाही. त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी, थोडं प्रशिक्षण घेतलेली बाई पुरे. मात्र तिला पगार हवा. 'सेवाभावी' म्हणून हे काम कुणाच्या गळ्यात घातलं की ते पहिल्या अडचणीला बंद पडतं. शिवाय खिडकीपलीकडच्या माणसाला फोन करून "ही माझी रुग्ण, आज सही हवी" असं म्हणण्याचा अधिकारही हवा. आणि रोज संध्याकाळी तिच्या हातात त्या दिवशी तारीख असूनही न आलेल्यांची यादी असावी. आज ती यादी कुणी काढतच नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका