टिपेच्या वहीसाठी सदाला पत्र

दादर, मुंबई
९ डिसेंबर २०२५

प्रिय सदा यास,
सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला पत्र लिहिले नाही, याबद्दल तू रागावला असशील. हे सगळे फोनवर सांगता आले असते; पण फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस आणि ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखी नाही. प्रकृती बरी आहे. टाच अधूनमधून दुखते, म्हणून मऊ तळाचे बूट घेतले आहेत.

रविवारी रात्री खांबाजवळच्या मोठ्या टेबलावर, म्हणजे तुझ्या टेबलावर, एका आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. अकरा माणसे होती. कोणाला बिनतिखट हवे, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, आणि दोन लहान मुले सारखी टेबलाखाली. टेबल बिपिनकडे होते. तो ओडिशाचा आहे, तू गेल्यानंतर लागला. आजोबांचा उजवा हात थरथरतो, हे त्याने पाण्याचा ग्लास ठेवतानाच पाहिले. मग सूप बाऊलमध्ये न आणता कानाच्या कपात, तेही अर्धेच भरून आणले आणि डाव्या हाताशी ठेवले. कोणाला काही सांगितले नाही, विचारले नाही. कप संपला की दुसरा अर्धा कप येत होता. घरच्यांच्या ते लक्षातही आले नाही. आजोबांच्या मात्र आले. बिल देताना त्यांनी मुलाला पाचशे रुपये जास्त टाकायला लावले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हे या मुलाचे." मुलाने स्कॅन केले, गल्ल्यावरच्या डबीने एकूण रक्कम मोठ्याने सांगितली आणि बिपिनने हात जोडले.

रात्री शटर ओढल्यावर तो माझ्याकडे आला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. "दादा, वो पाँच सौ?" एवढेच त्याने विचारले. मी गल्ल्यावर गेलो. धाकटे शेठ म्हणाले, रक्कम खात्यात आहे, महिनाअखेरीस बघू. महिनाअखेरीस काय होते ते आम्हाला पाठ झाले आहे. फुटलेले ग्लास, बिल न देता निघून गेलेले गिऱ्हाईक, हरवलेले चमचे, हे सगळे त्याच रकमेतून वजा होते आणि उरलेला आकडा कोणालाही दाखवला जात नाही.

थोरल्या शेठच्या काळात टिप रोख येत असे. बडीशेपेच्या बशीतली नोट उचलून तुझ्यादेखत डब्यात पडायची, आणि रात्री पंख्याखाली बसून आपण ती वाटून घ्यायचो. तेव्हा तुझेमाझे किती कडाक्याचे भांडण झाले होते! ज्याचे टेबल त्याची टिप, असे तुझे म्हणणे. आणि मोरीवर तास न् तास पाण्यात हात घालून उभ्या असलेल्या माणसाने ताट घासले नसते तर तू गिऱ्हाइकापुढे काय ठेवले असतेस, असे माझे. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. ऑर्डरसुद्धा मधल्या पोऱ्याकरवी सांगायचास, आणि तो गोंधळून दोन मिसळींच्या जागी दोन उसळी आणायचा. शेवटी थोरल्या शेठनीच निवाडा केला: वेटरचे दोन हिस्से, क्लीनरचा एक, मोरीवाल्याचा एक, आणि वही तू लिहायचीस. माझ्याशी भांडलेला माणूसच हिशेब चोख ठेवील, असे ते म्हणाले होते. तू तो ठेवलास.

आता रोख नोट क्वचितच दिसते. नोटाबंदीनंतर ती कमी झाली आणि करोनानंतर जवळजवळ गेलीच. गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही. त्याच्या खिशातच पैसे नसतात. त्यात मधली काही वर्षे बिलात सेवाशुल्क लावले जात असल्यामुळे वेगळी टिप द्यायची लोकांची सवय मोडली. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हे शुल्क आपोआप लावू नये असे सांगितले, त्यावर हॉटेलवाले न्यायालयात गेले, आणि यंदा मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचेच म्हणणे उचलून धरले. मला तो निकाल योग्य वाटतो. मेनूत लिहिलेली किंमत आणि त्यावरचा कर यांपलीकडे कोणावर सक्ती कशाला? आमच्या नावावर घेतलेल्या त्या शुल्कातले आमच्यापर्यंत किती आले, हे तरी कोणी कधी सांगितले होते?

पण धाकट्या शेठनी आता नवीनच काढले आहे. बिलात पाच टक्क्यांची एक ओळ घालायची आणि तिला "कर्मचारी सहयोग" म्हणायचे. कोणी हरकत घेतली तर समजावायला कॅप्टन, म्हणजे मी. वास्तविक दुसऱ्या कोणत्याही नावाने हे शुल्क घेऊ नये, असे त्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. मी ते दाखवले, तर म्हणाले, "तुम्ही मॅनेजमेंटची माणसे, तुम्हीच असे बोलायचे?"

सदा, हे दुसऱ्या कोणाला लिहून कळणार नाही. आपल्या कामात भटारखान्याचे दार ढकलून बाहेर येताना चेहरा बदलावा लागतो. आत आचारी ओरडलेला असतो, हातावर कढईचे तेल उडालेले असते, सकाळी दहाला घेतलेल्या चहावर दुपारचे चार वाजलेले असतात, आणि बाहेर शुकशुक करणाऱ्याकडे हसून जायचे असते. हे सगळे मी आनंदाने करत आलो, कारण चार माणसांना नीट जेवू घालण्यात मला अजूनही समाधान मिळते. परंतु ज्या चेहऱ्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते, तोच चेहरा पुढे करून त्याच्याकडून खोट्या नावाने पैसे काढायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

पोरांचे म्हणणे आहे की प्रत्येकाने आपापला क्यूआर छातीवर लावावा. म्हणजे तुझाच पक्ष झाला! एसी विभागातला कमावील, पार्सलवरचा कोरडा राहील आणि मोरीवाल्यापुढे तर कोणी स्कॅन करायला जाणारच नाही. मी शेठपुढे वेगळे मांडणार आहे: टिपेचा एकच स्वतंत्र क्यूआर, दोन वेटर आणि एक मोरीवाला यांच्या संयुक्त खात्याचा, दर शनिवारी सर्वांसमोर वाटप, आणि फुटतुटीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ते नाही म्हणाले तर कॅप्टनचा कोट काढून पुन्हा टेबले घेईन. पगार कमी होईल. सुमनला सांगितले आहे. ती म्हणाली, आधी बोलून तर बघा.

त्यासाठी मला तुझी ती लाल कापडी वही हवी आहे. थोरल्या शेठची सही असलेली पाने तिच्यात आहेत. वडिलांनी हे हिस्से स्वतः मान्य केले होते, हे धाकट्यांना माझ्या तोंडून पटणार नाही. वडिलांचे अक्षर पाहिले तर कदाचित पटेल. जुन्या हिशेबात तुझ्याविरुद्ध गेलेली पाने फाडू नकोस, मला माहीत आहे ती कोणती आहेत.

खानावळीचे पत्रे बदलून झाले का? चिऊची दहावी आहे, तिला परीक्षेआधी गल्ल्यावर बसवू नकोस. वहिनींना नमस्कार सांग. त्यांनी दिलेले कुळथाचे पीठ संपले.

सोमवारी दुपारी शेठशी बोलणे ठरले आहे. तुझा मेहुणा शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो आहे ना? वही त्याच्याजवळ दे, पिशवीत नको, हातात. मी रविवारी सकाळी स्टेशनवर येऊन घेतो.

तुझा,
वसंत