सहलीला निघालेल्या लेकीस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू शाळेतून येशील तोवर मी मुक्कामी गाडी घेऊन गेलेलो असेन. उद्या पहाटे पाचला तुमची गाडी शाळेपुढून सुटणार आणि मी डेपोत परत यायला साडेआठ होणार. ड्युटी बदलून मागितली होती, पण डिसेंबरात सगळीकडे सहलीच सहली, माणूस कुठून आणणार? म्हणून हे पत्र बॅगेत ठेवतोय. गाडीत सगळ्यांसमोर उघडू नकोस, पोरी चिडवतील.

रविवारचं मी परत उकरून काढत नाही. "मी पेशंट नाहीये" म्हणालीस, ते डोक्यात राहिलंय माझ्या. संमतीपत्रावर आईने सही केली होती, तिच्याखाली आज सकाळी मीही केली. एकाच पालकाची लागते हे मला कळतं. तरी केली.

तेव्हा या पत्रात दम्याच्या पंपाचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. एकच सांगतो, निळा पंप पाठीवरच्या छोट्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे, मोठ्या बॅगेत नाही. तिथून हलवू नकोस. झालं.

रस्ता मला तोंडपाठ आहे. येरमाळ्याला हायवे लागेल, मग चौसाळा, आणि बीडच्या अलीकडे मांजरसुंब्याचा घाट. तिथे मागच्या सीटवरची पोरं हमखास ओकतात. तू मधल्या सीटवर बस, मागच्या चाकाच्या पुढे. गाण्याच्या भेंड्या मागेच रंगतात हे मला माहीत आहे, पण धूळही मागेच जास्त येते. गेवराईच्या पुढे सगळे झोपतील. दौलताबादच्या पुढे रस्त्यात जुनी वेस लागते, एका वेळी एकच मोठी गाडी जाते. तिथे जागी राहा आणि आपला माणूस गाडी कशी काढतो ते बघ. आरशाला आणि दगडाला मध्ये पंजाभर जागा राहते.

देवगिरीचा किल्ला बहुतेक आधी दाखवतील. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी इथे आणली, हे तुझ्या पुस्तकात असेलच. त्या वाटेवर किती माणसं धापा टाकत आली असतील, ते मात्र पुस्तकात नसतं. खंदक ओलांडला की वर जाताना अंधारी लागते. शत्रू गोंधळावा म्हणून केलेली वाट. वळणं आहेत, पायऱ्या उंचसखल, आणि आत वटवाघळं. तो वास नाकात बसतो. मी एकदा नुसता तोंडापर्यंत गेलो होतो तर मलाच खोकला आला. तेव्हा आत शिरायच्या आधी, खाली उभी असतानाच दोन पफ घे. चढणीच्या आधी घ्यायचे, दम लागल्यावर नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, मी नाही. आणि बाहेरून वाट असेल तर बाहेरून जा. अंधारी बघितली नाही म्हणून कोणी नापास करत नाही.

आता वेरूळ. याच्यावर मी तुला काय सांगणार, तूच मला सांगितलंयस. आठवीत साबणाच्या वडीतून कैलास कोरत होतीस, दोन रात्री स्वयंपाकघरात भुकटीच भुकटी, आणि तू शिंकतेयस पण उठत नाहीस. वरून खाली कोरायचं, आधी कळस आणि शेवटी पाया, असं ठणकावून सांगितलंस. मग कळसाचा टवका उडाला तेव्हा रडलीस आणि म्हणालीस, "पप्पा, त्यांना परत चिकटवता येत नव्हतं." तुमच्या सरांनी तो साबण अजून स्टाफरूमच्या कपाटात ठेवलाय, हे मला आमच्या कंडक्टरने सांगितलं, त्याचा पोरगा तुमच्याच शाळेत आहे. तुला मी कधी बोललो नाही. डेपोत मात्र सगळ्यांना सांगून झालंय.

सहलीच्या गाड्या आमच्याकडे प्रासंगिक करारावर सुटतात, त्यामुळे वेरूळ-अजिंठ्याला जाणं पुष्कळ झालं. पण पोरं वर गेली की ड्रायव्हर पार्किंगमध्ये सीटवर आडवा होतो, कारण रात्री परत त्यालाच चालवायचं असतं. आत एकदाच गेलो. एका शाळेच्या गुरुजींनी हाताला धरून नेलं, म्हणाले, ड्रायव्हरसाहेब, दरवेळी बाहेरच झोपता, आज चला. सोळा नंबरच्या लेण्यात शिरलो, मधल्या चौकात उभा राहिलो आणि वर बघितलं. तिन्ही बाजूंना सरळ तासलेला डोंगर, त्याच्यावर छिन्नीच्या रेघा अजून दिसतात. राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्ण राजाने आठव्या शतकात हे करवून घेतलं, असं गुरुजी सांगत होते. दोन लाख टनांच्या आसपास दगड काढला असेल असा अंदाज आहे म्हणे. माझं डोकं लगेच हिशोबाला लागलं. एका ट्रकला दहा टन धरले तरी वीस हजार खेपा झाल्या. तो दगड नेला कुठे? गुरुजींनाही सांगता आलं नाही. तू विचार तिथल्या गाईडला आणि मला येऊन सांग.

तिथेच रावण खालून कैलास हलवतोय अशी मोठी मूर्ती आहे. पार्वती दचकून शंकराला बिलगलीय आणि शंकर नुसता पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून शांत बसलाय. तुझा बाप त्यातला नाही, हे तुला सांगायला नको.

अजिंठ्याचं एक नीट लक्षात ठेव. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते. पुढचे चारेक किलोमीटर तिथल्याच गाड्यांनी जायचं, धुराने लेण्यांना त्रास होऊ नये म्हणून. म्हणजे तुमच्या गाडीत विसरलेली वस्तू चार किलोमीटर मागे राहिली. कुठली वस्तू ते मी लिहीत नाही. वर पायऱ्या आहेत, मग वाघूर नदीच्या वळणाने घोड्याच्या नालेसारखी लेणी. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घाईत बघू नकोस. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, तेवढ्यात बाकीची पोरं "काहीच दिसत नाही" म्हणून बाहेर पळतात. भिंतीवरचा गिलावा मातीचा आहे, त्यात भुसा, गवत, शेण असलं सगळं, त्याच्यावर रंग, आणि तो आपल्यापर्यंत टिकला. तेव्हा हात लावायचा नाही, टेकायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला ही लेणी दिसली आणि त्याने दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव खरडलं. आता ते नाव डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा आत माती-दगडांचा ढीग होता आणि तो त्याच्यावर उभा होता. साहेबाने केलं म्हणून ते इतिहासात गेलं, तुमच्यातल्या कोणी कंपासच्या टोकाने केलं तर तो गुन्हा आहे. वर्गाचं नाव, शाळेचं नाव, कुणाकुणाचं बदाम, सगळं मी एसटीच्या सीटवर वाचतो रोज. ज्याला आपलं नाव लिहायची एवढी हौस आहे त्याने आधी अभ्यासात...

बघ, सुरू झालं माझं. माफ कर. तू असलं काही करणार नाहीस, मला माहीत आहे. समोर पाहिजे होतीस म्हणजे तोंड वाकडं करून मला थांबवलं असतंस.

तिसऱ्या दिवशी लोणार, त्याचीच तू वाट बघतेयस. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाचं कात्रण अजून तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे, चारही कोपरे पिवळे पडलेत. लॉकडाऊनमुळे मी घरीच होतो आणि तू दिवसभर विचारायचीस की पाणी गुलाबी कसं होतं. पाणी आटून खार वाढला की त्यात वाढणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांचा तो रंग, हे नंतर पेपरात आलं तेव्हा तूच मला वाचून दाखवलंस. आता ते तळं डोळ्यांनी बघशील. काळ्या बसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेला खड्डा, काठापासून काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्तच. दैत्यसूदनाचं देऊळ बघ, धारेचं पाणी बघ. खाली उतरवणार असतील तर उतरणं सोपं आहे, परत वर चढताना कस लागतो, आणि पाण्याजवळ उग्र वासही येतो म्हणतात. तिथे पुन्हा दोन पफ. सगळ्यांच्या पुढे धावायचं नाही, सगळ्यांच्या मागेही राहायचं नाही. मध्ये चाल, म्हणजे दम लागला तर पुढचा-मागचा कोणीतरी बघेल.

मला कळतं तुला लाज वाटते. तो पंप तोंडाला लावला की सगळे बघतात, कोणीतरी विचारतंच. विचारू दे. पंढरपूरच्या त्या रात्री आत्याच्या मांडीवर तू होतीस, मानेखालच्या खळग्यातली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती आणि तुला बोलता येत नव्हतं, नुसती बोटाने माझा शर्ट ओढत होतीस. मी रात्रीच्या अंधारात घाट उतरवलेत, ब्रेक कमी लागत असलेली गाडी स्टँडपर्यंत आणलीय, तेव्हा कधी हात कापला नाही. त्या रात्री रिक्षात कापत होता. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

अजून एक सांगून टाकतो, आईकडून कळण्यापेक्षा बरं. तुमच्या गाडीवर कोण आहे ते डेपोत विचारून घेतलं आणि त्याला फोन केला. शांत चालवणारा माणूस आहे. फक्त एवढंच सांगितलं की नऊ ब मध्ये माझी पोरगी आहे, तिच्यावर लक्ष असू दे. पंपाचं सांगितलं का? सांगितलं. रागाव, पण परत आल्यावर.

शाळेचं ओळखपत्र गळ्यात ठेव, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट पडत नाही. पाणी पीत जा. बाथरूमची सोय वाईट असते म्हणून मुली दिवस दिवस पाणी पीत नाहीत, ते करू नकोस, बाईंना सांगायचं, गाडी थांबते. पाचशे रुपये आईने दिलेत, दोनशे मी वहीत ठेवलेत, ते आईला माहीत नाहीत. परतताना सिंदखेडराजाला जिजाऊंच्या वाड्यात थांबणार असतील तर आज्जीसाठी एखादा फोटो घे, ती कधीची जायचं म्हणतेय.

रोज फोन करू नकोस, मीही करणार नाही. रात्री मुक्कामाला पोचलीस की आईला नुसता मिस्ड कॉल दे.

तुझा,
पप्पा

ता. क. : आज्जीने अंगाऱ्याची पुडी दिली आहे, ती बॅगेतच राहू दे, तिचं मन मोडू नको. पण ती तिने वरच्या कप्प्यात ठेवली होती आणि पंप खाली सरकवला होता. मी परत वर ठेवलाय. निघताना एकदा हात घालून बघ, ती परत हलवेल.