हळू पसरणारी आयव्ही म्हणून भलतीच रोपे पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ६० आयव्ही रोपांपैकी २४ रोपे वेगळ्याच वनस्पतीची निघाल्याबद्दल, तसेच माहितीपत्रकातील चुकांबद्दल

महोदय,

सोसायटीच्या उत्तरेकडील भिंतीलगतचा वाफा झाकण्यासाठी आणि जिन्यातील कुंड्यांसाठी आपल्याकडून ‘ग्लेशियर’ या पांढरट कडेच्या पानांच्या, हळू पसरणाऱ्या जातीच्या आयव्ही वेलीची ६० रोपे मागवली होती. बिलाची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत. खोक्यात एकाच लेबलखाली दोन वेगळ्या वनस्पती आल्या आहेत.

त्यातली २४ रोपे आयव्ही नाहीतच. ती सेनेसिओ मॅक्रोग्लॉसस, म्हणजे बाजारात वॅक्स आयव्ही नावाने खपणारी दक्षिण आफ्रिकेतली वेल आहे. पानाच्या पांढरट कडेमुळे लांबून गफलत होऊ शकते, पण पान हातात घेतल्यावर शंकेला जागा राहत नाही. या वेलीचे पान जाड, गरदार, मेणचट असते आणि दुमडले की कट्कन मोडते. आयव्हीचे पान चिवट असते, ते नुसते वाकते. खोड उलटे करून पाहिले तर आयव्हीला पेरांच्या आसपास दातब्रशच्या केसांसारखी आखूड मुळे दिसतात. त्यांच्याच जोरावर ती भिंत धरते आणि जमिनीवर टेकली की रुजत जाते. वॅक्स आयव्हीला अशी मुळे नसतात, ती आधाराला वेटोळे घालत वर जाते. जमीन झाकायला तिचा काय उपयोग? कटिंग लावणाऱ्या माळ्याला जे स्पर्शाने कळते, ते पॅकिंग करताना कुणाच्या लक्षात येऊ नये, हे पटत नाही.

उरलेली ३६ रोपे खरी आयव्ही आहेत. मात्र त्यातल्या ९ रोपांना निव्वळ हिरवे फुटवे आहेत. पानाच्या फिकट भागात हरितद्रव्य नसते, म्हणूनच ही जात सावकाश वाढते. हिरवा फुटवा जोरदार असतो. तो जिथून निघाला तिथूनच छाटला नाही, तर बाकीच्या वेलीला दाबून टाकतो आणि मग ‘हळू पसरणारी’ हे शब्द लेबलवरच राहतात. आपले माहितीपत्रक मात्र सांगते की रंग कायम टिकतो.

माहितीपत्रकाबद्दल आणखी लिहावे लागते, कारण त्याप्रमाणे वागणाऱ्याची रोपे नाशकात हमखास जातील. ‘पूर्ण ऊन, रोज पाणी, निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)’ असा त्यात सल्ला आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ३८-४० अंशांवर असतो. पश्चिमेच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, पांढऱ्या कडेच्या पानांच्या तर आधी. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली, एवढेच तिला हवे. पावसाळ्यात उलटी गत होते. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात रोजचे पाणी म्हणजे मूळकूज ठरलेली. खोड बुडाशी काळे पडते, आणि माती ओली असूनही वेल मान टाकते. ते पाहून लोक आणखी पाणी घालतात. वाफा १५ सेंटीमीटर उंच करावा. कुंडीसाठी माती, कुजलेले शेणखत आणि जाडी वाळू समान भागांत घ्यावी, आणि वरचा इंचभर थर सुकल्यावरच पाणी द्यावे, असे त्यात छापायला हवे होते.

दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा, हेही जोमाने पसरणाऱ्या हिरव्या जातीला लागू आहे. सावकाश वाढणारीला १५ ते २० सेंटीमीटर पुरे, नाहीतर मधल्या जागेत तणच आधी पसरते.

‘कीड लागत नाही’ हे विधान तर द्राक्षाच्या जिल्ह्यात छापण्याआधी विचार करायचा होता. कोरड्या उन्हाळ्यात आयव्हीवर लाल कोळी ही बारीक कीड येतेच: पानावर बारीक फिकट ठिपके, खाली जाळी. आठवड्यातून दोनदा पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारला तर ती आटोक्यात राहते. शिवाय आयव्हीच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, आणि पाने-फळे पोटात गेली तर मुलांना व पाळीव जनावरांना बाधतात. छाटणीला हातमोजे घालावेत, ही एक ओळसुद्धा लेबलवर नाही.

आमच्या मागण्या अशा: २४ चुकीच्या आणि ९ हिरवे फुटवे असलेल्या रोपांच्या बदल्यात ३३ खरी रोपे द्यावीत, तीही ऑक्टोबरमध्ये, म्हणजे रुजायला थंडीचे महिने मिळतील. ते जमत नसेल तर ३३ रोपांचे पैसे वाहतूक खर्चासह परत करावेत. माहितीपत्रक दुरुस्त करून त्याची प्रत पाठवावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपले कार्यालय परगावी असल्याची सबब चालणार नाही.

वॅक्स आयव्हीची रोपे वेगळी ठेवली आहेत. ती आपल्या खर्चाने घेऊन जावीत.

कळावे,
बाग समिती,
गंगापूर रोड, नाशिक