टॅबची मेमरी गावातली रेंज पाहून घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागल्यापासून विदर्भातल्या शाळा उघडेपर्यंतचे दिवस आमच्या खेड्यांत टॅब खरेदीचे असतात. अकरावीला विज्ञान शाखेत जाणाऱ्या, नीट किंवा सीईटीची तयारी करू पाहणाऱ्या मुलांना घेऊन आईवडील तालुक्याच्या दुकानात जातात, आणि नेमका हाच काळ पेरणीच्या तोंडाशी येत असल्यामुळे बियाणे-खताच्या खर्चातून जे उरेल त्यातच टॅब बसवावा लागतो. कंपनी कोणती, स्क्रीन किती इंचांची, बॅटरी किती चालते, याची चौकशी बहुतेक जण करतात. मेमरी किती घ्यायची हा प्रश्न मात्र काउंटरवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत निकाली निघतो आणि त्याचा त्रास मुलांना पुढची दोन-तीन वर्षे होत राहतो. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. विद्यार्थ्यांचे टॅब हाताळताना जे दिसले, ते खरेदीला निघालेल्या पालकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीच्या वडिलांनी दुकानातूनच मला फोन केला होता. ‘‘सर, बत्तीसमध्ये भागते म्हणे न? दुकानदार म्हणते, मंग कार्ड टाकता येते. पोरीले तेवढं पुरते काय?’’ मी त्या वेळी फारसा विचार न करता ‘पुरेल’ असे सांगितले, आणि त्याची खंत मला आजही आहे. बारावीच्या वर्षी जानेवारीत ती मुलगी टॅब घेऊन माझ्याकडे आली. सेटिंगमध्ये स्टोरेजचे पान उघडले तेव्हा एकूण 32 जीबीपैकी 12 जीबी सिस्टिमने घेतलेले होते, 9 जीबी अ‍ॅपमध्ये गेले होते, दहाच्या वर जीबी उतरवून ठेवलेल्या धड्यांत होते आणि हाताशी उरले होते जेमतेम 400 एमबी. दुसऱ्या दिवशी तिची सराव परीक्षा होती, परीक्षेचे अ‍ॅप अपडेट मागत होते आणि अपडेट बसायला जागा नव्हती. तिने आनुवंशिकतेचे सगळे धडे पुसले, तेव्हा अपडेट बसले. पुसलेले धडे परत उतरवायला तिला तीन संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहावे लागले, कारण त्यांच्या वस्तीत रेंज फक्त तिथेच पकडते. परीक्षेच्या तोंडावरच्या त्या तीन संध्याकाळी दुकानात वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी महाग होत्या.

‘आता सगळे ऑनलाइन असते, मोठी मेमरी घेऊन करायचे काय?’ असे शहरातले नातेवाईक सांगतात. घरी वायफाय आहे, रस्त्यावर रेंज आहे, महाविद्यालयात रेंज आहे, अशा मुलांच्या बाबतीत ते खरेही आहे. त्यांना जे हवे ते हवे तेव्हा मागवता येते, म्हणून ठेवण्याची गरज कमी पडते. आमच्याकडे धडा पाहण्याची वेळ आणि रेंज मिळण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. वीज गेली की बऱ्याचदा टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो. अशा ठिकाणी रेंज असताना उतरवून घ्यायचे आणि नसताना वाचायचे, हाच अभ्यासाचा खरा मार्ग आहे, आणि त्यासाठी टॅबमध्ये जागा लागते.

त्यात रिचार्जचाही हिशेब आहे. बहुतेक घरांत रोज दीड किंवा दोन जीबी मिळणारा रिचार्ज असतो, आणि बहुतेक प्लॅनमध्ये त्या दिवशी न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता बुडतो. ज्या मुलाच्या टॅबमध्ये जागा मोकळी आहे, तो झोपण्यापूर्वी उरलेल्या डेटात उद्याचे दोन धडे उतरवून ठेवू शकतो. ज्याच्याकडे जागा नाही, त्याचा पैसे भरलेला डेटा रोज वाया जातो. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्याकडे ठेवायला खोली नाही, त्याला वेचणी झाल्याबरोबर मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो.

आता खोक्यावरच्या आकड्याविषयी. दुकानात ‘चार-चौसष्ट’, ‘सहा-एकशे अठ्ठावीस’ अशी जोडी सांगितली जाते. यातला पहिला आकडा रॅमचा असतो. ती चालू कामापुरती जागा असते आणि टॅब बंद केला की रिकामी होते. धडे, पुस्तके, फोटो राहतात ते दुसऱ्या आकड्यात, आणि तोही पूर्ण हाती येत नाही. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, तर संगणकाच्या जुन्या मोजणीत तो 1024 च्या पटीत, म्हणजे 107 कोटी 37 लाखांच्या आसपास धरला जातो. त्यामुळे त्या मोजणीने 64 चे 59.6 आणि 128 चे 119.2 भरतात. त्याशिवाय सिस्टिम आणि आधीच भरून दिलेली अ‍ॅप मिळून दहा-पंधरा जीबी सहज व्यापतात. हा भार लहान टॅबवर आणि मोठ्या टॅबवर जवळपास सारखाच पडतो, म्हणून 32 जीबीच्या टॅबमधले निम्म्याच्या आसपास पहिल्याच दिवशी गेलेले असते आणि 128 च्या टॅबला त्याची फारशी झळ लागत नाही. खोक्यावर ‘8 अधिक 8 जीबी रॅम’ असे लिहिलेले असेल, तर त्यातली मागची 8 ही याच ठेवणीच्या जागेतून कापून घेतलेली असते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

टॅब काठोकाठ भरला की तो मंदही होतो. त्यातल्या चिपवर जुना मजकूर खोडून त्याच जागी नवा लिहिता येत नाही. आधी एक अख्खा कप्पा रिकामा करावा लागतो आणि त्यातले कामाचे सामान तोवर दुसऱ्या कप्प्यात हलवावे लागते. मोकळे कप्पे उरले नाहीत, तर प्रत्येक लहान कामासाठी ही उचल-ठेव करावी लागते. मुले ‘टॅब हँग होते’ म्हणून दुरुस्तीला देतात, तेव्हा पुष्कळदा दोष फक्त एवढाच असतो. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी राहील असा हिशेब धरूनच खरेदी करावी.

‘नंतर कार्ड टाका’ या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या भागातली सर्वांत जास्त फसगत तिथे होते. पहिली गोष्ट, सर्वच टॅबना कार्डाची खाच नसते. अ‍ॅपलचा आयपॅड 2010 मध्ये आला तेव्हापासून त्याला ती कधीच नाही, आणि अँड्रॉइडच्याही काही टॅबमधून ती काढून टाकलेली आहे. दुसरी गोष्ट, खाच असली तरी प्रत्येक सामान तिकडे जात नाही. शिकवणीच्या अ‍ॅपमधून उतरवलेले धडे कुलूपबंद स्वरूपात त्या अ‍ॅपच्याच ताब्यात असतात, आणि कार्डावर ठेवण्याची परवानगी अ‍ॅपने दिली नसेल तर ते टॅबच्या आतल्या जागेतच राहतात. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून कार्डाला आतल्या मेमरीत सामील करून घेण्याची सोय आहे खरी, पण अनेक कंपन्यांनी ती आपल्या टॅबमध्ये बंद ठेवलेली आहे. शिवाय तसे केलेले कार्ड काढून दुसऱ्या टॅबमध्ये घातले तर वाचता येत नाही. कार्ड आतल्या मेमरीपेक्षा हळू चालते आणि अचानक काढले-घातले तर बिघडतेही. पीडीएफ, फोटो, स्वतः रेकॉर्ड केलेले तास यांच्यासाठी कार्ड उत्तम आहे. अ‍ॅपसाठी त्याच्यावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट बनावट कार्डांची. आमच्याच एका विद्यार्थ्याने आठवडी बाजारात 512 जीबी लिहिलेले कार्ड अगदी थोड्या पैशांत घेतले. टॅबमध्ये घातल्यावर आकडाही 512 च दिसला, म्हणून घरात सगळ्यांना आनंद झाला. महिन्याभराने जुने व्हिडिओ उघडेनात, यादीत नावे दिसत पण आत काहीच नसे. अशा कार्डात प्रत्यक्ष चिप लहान असते आणि तिच्या नियंत्रकाला खोटा आकडा सांगायला लावलेले असते; खरी जागा संपल्यावर नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा हरवतो. ओळखण्याचा खात्रीचा उपाय एकच, की घेतल्याबरोबर कार्ड पूर्ण भरून पाहावे आणि भरलेले सगळे परत उघडते का ते तपासावे. शाळेच्या संगणकावर हे काम करता येते. पालकांनी बिल मागावे आणि तपासणी होईपर्यंत जपून ठेवावे.

मग जागा घ्यायची तरी किती? व्हिडिओच्या हिशेबावरून अंदाज बांधता येतो. सेकंदाला 1 मेगाबिट या वेगाने (8 मेगाबिट म्हणजे 1 एमबी) एक तासाचा व्हिडिओ 450 एमबी होतो. फळ्यावरची शिकवणी कमी दर्जात उतरवली तर मी पाहिलेला तासाचा धडा साधारण 300 एमबीत बसतो, आणि अक्षर वाचता येते. नीटच्या तीन विषयांचे प्रत्येकी 80 तास धरले, तर एकूण 72 जीबी होतात. म्हणजे 64 च्या टॅबमध्ये वर्षाचे सगळे धडे एकाच वेळी मावणार नाहीत. 128 च्या टॅबमध्ये ते मावून अपडेटला आणि फोटोंना जागा उरते. व्हिडिओचा दर्जा वाढवला की हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून उतरवताना दर्जा निवडण्याची सवय मुलांना लावणे तितकेच गरजेचे आहे. बालभारतीची पुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिका यांची चिंता करू नये. त्यांच्या पीडीएफ व्हिडिओच्या मानाने फारच कमी जागा घेतात.

यावरून माझे मत असे, की ज्या घरात रेंज पक्की नाही आणि टॅब दोन वर्षांच्या प्रवेश परीक्षेसाठी घ्यायचा आहे, तिथे 128 जीबीपेक्षा कमी घेऊ नये. मी पाहिलेल्या टॅबमध्ये 64 आणि 128 यांतला फरक दीड ते तीन हजार रुपयांचा होता. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे, म्हणजे हा फरक अर्ध्या क्विंटलच्याही आत येतो. पेरणीच्या दिवसांत तेवढी रक्कमही जड असते, याची मला जाणीव आहे. पण स्क्रीन एखादा इंच लहान चालेल, कव्हर आणि पेन नंतर घेता येईल, आतली मेमरी मात्र नंतर वाढवता येत नाही. याउलट पाचवी-सहावीच्या मुलाला पुस्तके वाचायला आणि गोष्टी पाहायला टॅब हवा असेल, तर 64 भरपूर आहे, आणि 256 च्या मागे तर आमच्याकडच्या कोणीच लागू नये, त्यापेक्षा तो पैसा चांगल्या बॅटरीवर घालावा. 32 जीबीचा टॅब मात्र आता विद्यार्थ्यासाठी घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

सरकारी योजनांतूनही टॅब येतात. नागपूरच्या महाज्योती संस्थेच्या योजनेत प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना टॅबसोबत रोज 6 जीबी डेटा दिला जातो, हे फार मोलाचे आहे. ज्यांना असा डेटा मिळतो त्यांनी तालुक्याच्या अभ्यासिकेत किंवा वसतिगृहात चांगली रेंज असेल त्या दिवशी तो पुरेपूर वापरून धडे उतरवून घ्यावेत, गावी गेल्यावर ते कामी येतात.

ग्रामपंचायती, शाळा आणि गावासाठी टॅब देणारे दानशूर लोक यांना माझी विनंती आहे, की कोटेशन मागवताना नुसते ‘64 जीबी’ असे न लिहिता ‘पहिल्यांदा सुरू केल्यावर वापरायला किमान इतकी जागा मोकळी असावी’ असे लिहावे आणि माल आल्यावर एक टॅब उघडून स्टोरेजचे पान पाहूनच सही करावी. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. गावात सार्वजनिक वाचनालय असेल, तर तिथे एक हार्ड डिस्क ठेवून तिच्यात बालभारतीची पुस्तके आणि शिक्षकांनी स्वतः रेकॉर्ड केलेले तास भरून ठेवावेत. टाइप-सी पेनड्राइव्ह लावून मुलांना ते रेंजशिवाय टॅबवर घेता येतात आणि झालेले पुसून पुढचे भरता येतात. ज्यांच्याकडे आधीच लहान मेमरीचे टॅब आहेत, त्यांची अडचण यामुळे पुष्कळ कमी होईल. आमच्या शाळेत आम्ही या सत्रापासून हे सुरू करत आहोत.

आपल्या पत्राच्या शैक्षणिक पानावर दहावीच्या निकालाच्या आठवड्यात, बाजारात असलेल्या टॅबमध्ये प्रत्यक्ष किती जागा मोकळी मिळते आणि कार्डाची खाच आहे की नाही, एवढा तक्ता छापता आला, तर दुकानात उभ्या असलेल्या बापाला फोन करून कोणाला विचारावे लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक,
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ